संध्याकाळी आलेली कचरागाडी

त्या मोहिमेला बक्षीस मिळालं, हे आधीच सांगून टाकते. लाकडी पाटी, तिच्यावर पितळी पत्रा आणि त्यावर 'उत्कृष्ट जनजागृती' अशी अक्षरं. इंदूरला, तुकोगंजातल्या आमच्या ऑफिसात साहेबांच्या खुर्चीमागे ती टांगलेली आहे आणि मीटिंगला बसलं की बरोबर माझ्या नजरेसमोर येते. साहेब बोलत असतात, मान डोलवायची असते, आणि मी त्या पितळेकडे बघत दात आवळून बसलेली असते. डॉक्टरांनी मला मीठ कमी करायला सांगितलंय. राग कमी करायला अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तरी मी ऐकायची नाही.

माझं काम बोलण्याचं. वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी असलेल्या एका सरकारी खात्यात मी कंत्राटावर जनसंपर्क सांभाळते. म्हणजे पोस्टर, प्रेस नोट, शाळांतले कार्यक्रम, जंगलाला लागून असलेल्या गावांतल्या सभा. त्याआधी बरीच वर्षं राजवाड्याजवळच्या एका जाहिरात कंपनीत साड्या आणि शेव विकणारी वाक्यं लिहिली. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि शिकारीच्या वेळी हाका घालायची जबाबदारी त्यांच्याकडे असायची. ढोल, डबे, जे हाताला लागेल ते बडवून जनावराला बंदुकीसमोर आणायचं. घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. मी खात्यात लागले तेव्हा काका म्हणाले, "चला, पणजोबांचं पाप धुतलं बघ तू." तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

खात्याला बोलण्याची हौस फार. दर वर्षी मोठ्या हॉटेलात संवाद-कौशल्याची कार्यशाळा होते. बाहेरून कोणी तज्ज्ञ येतो, स्लाइडवर स्लाइड दाखवतो, लोकांशी कसं जोडलं जायचं ते आम्हाला एसी हॉलमध्ये शिकवतो. एकदा 'सह-अस्तित्व' असा मोठ्ठा शब्द छापलेलं पोस्टर काढलं. गावात हा शब्द बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्याच्यावरचं चित्र बिबट्याचं म्हणून लावलं होतं, पण होता तो दक्षिण अमेरिकेतला जग्वार, इंटरनेटवरून उचललेला. सगळ्या अधिकाऱ्यांच्या सह्या त्यावर झाल्या, माझीही झाली. चूक पकडली ती एका नाकेदाराने. तो म्हणाला, "मैडमजी, अपने वाले के गोले अंदर से खाली होते हैं. इसके गोले में टिपके हैं. ये अपना नहीं है." तोवर पोस्टर गावोगाव पोचली होती.

नाकेदार म्हणजे वनरक्षक, खात्याच्या उतरंडीतला अगदी खालचा माणूस. पन्नाशीचा, माळव्यातलाच, बारीक अंगाचा, सदा घाईत असल्यासारखा चालणारा आणि कुठेही बसला की तासभर न उठणारा. मी ज्या गावाबद्दल सांगणार आहे ते त्याच्या हद्दीत येतं. शहर वाढत वाढत टेकड्यांच्या पायथ्याशी जिथे थांबतं, तिथे ते गाव. एका बाजूला नवी कॉलनी, अर्धवट बांधलेली घरं; दुसऱ्या बाजूला नाला आणि बंद पडलेली गिट्टीची, म्हणजे खडीची, खदान. गावाचं नाव मी सांगणार नाही. कारण शेवटी कळेल.

त्या खदानीच्या कपारीत बिबट्याच्या मादीने दोन पिल्लं घातली होती. नाकेदाराला ते आधी कळलं आणि त्याने आम्हाला सांगण्याआधी गावाला सांगितलं. ह्याबद्दल त्याला नंतर लेखी विचारणा झाली. तीन दिवस तो घरोघर फिरला. ओट्यावर बसला, चहा प्यायला, कोणाची सोयरीक कुठे ठरली ते ऐकलं आणि मग सांगितलं: आहे, दोन पिल्लं आहेत, महिनाभर लागेल. पिल्लं चालायला लागली की ती त्यांना घेऊन टेकडीपलीकडे जाईल. तोवर सूर्य बुडायच्या आधी बकऱ्या आत, दाराला कडी. नाल्याकडे कोणी जायचं नाही. जावंच लागलं तर तिघी-चौघी मिळून, मोबाइलवर गाणी लावून, म्हणजे तिला तुमची चाहूल लागेल आणि ती स्वतःच बाजूला होईल. संध्याकाळी गल्ली शांत ठेवायची, कारण ती त्या वेळी पाण्यावर येते. तुम्ही तिला काही करू नका, खातं तुमचं काही बिघडू देणार नाही. हा माझा शब्द.

गावात एक म्हातारी होती, सगळे तिला भुआजी म्हणत. तिची एक बकरी आधीच गेलेली. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "मईनो तो मईनो. एक दन ऊपर वियो तो बकरी की जगा थने बांधूंगी." महिन्यावर एक दिवस गेला तर बकरीच्या जागी त्यालाच बांधणार होती. तो हसला, हात जोडले, आणि गाव तयार झालं. पोस्टर नाही, सभा नाही, बॅनर नाही. तो रोज सकाळी जायचा आणि भुआजी त्याला दारातूनच विचारायची, किती दिवस राहिले.

तीन आठवडे हे चाललं. संध्याकाळी ते गाव असं चिडीचूप व्हायचं की कॉलनीतले लोक विचारायचे, लाइट गेली का.

मग कॉलनीतल्या एका गृहस्थाने बाल्कनीतून व्हिडिओ काढला. नाल्याच्या काठाने जाणारी एक लांबट सावली, एवढंच दिसत होतं. पण तेवढं पुरलं. दुपारपर्यंत तो साऱ्या इंदूरच्या मोबाइलमध्ये पोचला आणि साहेबांनी मला बोलावलं. ते म्हणाले, "पैनिक नहीं होना चाहिए. लिख दो कि कुछ नहीं है." मी लिहिलं. 'परिसरात बिबट्या असल्याचा कोणताही पुरावा आढळलेला नाही. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.' हिंदीत लिहिलं, इंग्रजीत लिहिलं, आणि आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी मराठीतही लिहिलं. वाक्य चांगलं बसलंय म्हणून मनात खूषही झाले.

संध्याकाळी नाकेदाराचा फोन आला. "मैडमजी, मैंने गाँव में बोल रखा है कि है. आप पेपर में बोल रहे हो कि नहीं है. अब झूठा कौन, वो बता दो, मैं जाके बोल दूँगा."

मी म्हटलं, वरून ऑर्डर होती.

आता ह्याच्या पुढचं मला सांगायला जड जातं, कारण इथपर्यंत मी साहेबांवर चिडू शकते.

पेपरवाले काही थांबेनात. तेव्हा साहेबांनी ठरवलं की एक 'पॉझिटिव्ह' मोहीम करायची. बिबट्याचं नाव घ्यायचं नाही, फक्त लोकांना सांगायचं की अंधार पडल्यावर घरात राहा. का राहा ते सांगायचं नाही. मला त्याच दिवशी सकाळची आई आठवली. आमच्याकडे कचरागाडी येते ती तिचं ठरलेलं गाणं वाजवत. ते गाणं लांबून ऐकू आलं की आई हातातलं काहीही सोडते. त्या दिवशी देवासमोर बसली होती, घंटी हातात. सूर कानावर आला आणि घंटी तशीच ठेवून ती उठली. "अगं, गाडी आली ना! तू बैठी काय राहिली? गीला डब्बा दे पटकन, सूखा मी घेते." ऐंशीला टेकलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून रडणारी, आणि मी डबा उचलेपर्यंत ही फाटकाशी. शहर पहिल्या नंबरचं स्वच्छ असल्याचा अभिमान आमच्या हाडांत असा शिरलाय.

मी मीटिंगमध्ये म्हटलं, कचरागाडी वापरू या. तेच गाणं, त्याच चालीवर आमचे शब्द, संध्याकाळी गावातून आणि कॉलनीतून फिरवायचं. ह्या शहरात दुसरं काही ऐकलं जात नाही, हे मात्र ऐकलं जातं.

साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले, "वाह! ये हुई ना बात. स्वच्छता भी, वन्यप्राणी भी. पूरा इंदौर!"

होय, कल्पना माझी होती. शेव विकणाऱ्या डोक्यातून निघालेली. साहेबांची थाप टेबलावर पडली तेव्हा मला कोण आनंद झाला होता.

आदल्या दिवशी नाकेदाराचा पुन्हा फोन. मला तो उचलायचाही नव्हता. तो म्हणाला, "मैडमजी, शाम को वो धुन बजेगी तो लुगाइयाँ डब्बा लेके बाहर आएँगी. अपने यहाँ का आदमी उस धुन पे सोचता नहीं है, निकलता है. चार-पाँच दिन की बात है, रोक दो." मी माझ्या सगळ्यात गोड आवाजात म्हटलं, "अरे भिया, पहली लाइन में ही बता देंगे ना. सुनेंगे तो समझ जाएँगे." तो म्हणाला, "सुनने के लिए रुकना पड़ता है, मैडमजी." मी फोन ठेवला. लोकांचं ऐकून कसं घ्यायचं ह्यावर त्याच महिन्यात मी एक स्लाइड बनवली होती.

संध्याकाळी गाडी गावात शिरली. मी मागून, कॅमेरावाल्याला घेऊन. गाणं सुरू झालं आणि एका मिनिटात सगळ्या कड्या निघाल्या. बायका बादल्या घेऊन आल्या, ओल्याची वेगळी, सुक्याची वेगळी. एकमेकींना विचारू लागल्या, आज दुसऱ्यांदा कशी आली, सण आहे का. पोरं गाडीच्या पुढे धावत होती. कॉलनीतले लोक जिन्यांवरून धडाधड खाली उतरले. स्पीकरवर माझे शब्द, 'शाम के बाद घर में रहें, सुरक्षित रहें', आणि सगळं गाव रस्त्यावर. भुआजी बादली घेऊन आली, तिच्यामागे उघड्या दारातून बकऱ्या आल्या. तीन आठवडे पाळलेला नियम मोडायला गाण्याचं एक कडवंही लागलं नाही. कॅमेरावाला खूष होऊन म्हणाला, "मैडम, क्या भीड़ है! मस्त शॉट!"

गाडीला वळायला जागा गल्लीच्या टोकाला, नाल्यापाशी. बिबट्याची मादी रोज त्याच वेळी तिथे पाण्यावर यायची, कारण नाकेदाराने ती वेळ तिच्यासाठी शांत करून ठेवली होती. स्पीकर तिच्या डोक्यावर वाजला. ती मागे खदानीकडे पळाली असती, पण मध्ये गाडी होती. म्हणून ती पुढे आली, गल्लीत, बादल्यांच्या मधून. मी पाहिलं ते एवढंच, की एक पिवळी रेघ गेली आणि एका बाईची बादली उडाली. मग किंकाळ्या. ती एका अर्धवट बांधलेल्या घरात शिरली, जिथे चौकट होती पण दार नव्हतं.

पणजोबांना ढोल लागायचे. मी लाउडस्पीकरवर भागवलं.

ड्रायव्हर गाडी सोडून पळाला आणि गाणं चालूच राहिलं. त्या घरासमोर शंभरेक माणसं, हातांत मोबाइल. नाकेदार कुठून तरी धावत आला आणि त्या चौकटीत उभा राहिला. पाठ बिबट्याकडे, तोंड माणसांकडे, दोन्ही हात पसरलेले. "पाछे हटो! ऊने जावा दो!" तिला जाऊ द्या, एवढंच तो ओरडत होता. वाट दिली असती तर ती गेली असती, हे मला आज कळतं. भुआजी बायकांना मागे ओढत होती. गाव मागे सरकलंही. पण कॉलनीची गर्दी पुढे येत होती, आणि तिच्यातून कोणीतरी नाकेदाराच्या डोक्यावरून आत दगड भिरकावला.

ती त्याच्या अंगावरून बाहेर आली. खांदा आणि दंड फाडला तिने. पण समोर माणसांची भिंत बघून पुन्हा आत वळली आणि कोपऱ्यात सिमेंटच्या पोत्यांमागे बसून राहिली. पथक आलं, बेशुद्ध करायचं इंजेक्शन मारलं, पिंजरा आला.

नाकेदार इस्पितळात टाके घालून घेताना एकच सांगत होता की तिला खदानीशी आजच सोडा, पिल्लं आईशिवाय राहणार नाहीत. पण तिने माणूस जखमी केलेला. जखमी झालेला माणूस म्हणत होता की चूक तिची नाही, ते कागदावर कुठे लिहायचं ह्याचा रकाना आमच्याकडे नव्हता. तिला प्राणिसंग्रहालयात पाठवलं. दोन दिवसांनी खदानीत एक पिल्लू मिळालं, डोळे चिकटलेले, उपासाने उभं राहता न येणारं. दुसरं मिळालं नाही. गाडी आली त्या संध्याकाळी महिना पूर्ण व्हायला चारच दिवस होते.

'यशस्वी रेस्क्यू' ही प्रेस नोट मीच लिहिली.

नाकेदाराची बदली झाली, लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. कारण काय दिलं? स्थानिक लोकांशी समन्वयात कमी पडला. हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तरी मी काही केलं नाही, खुर्चीत बसून राहिले. त्याआधी मी इस्पितळात जाऊन आले होते, मोसंबी घेऊन, जशी माणसं जातात. माफी मागायचं ठरवून गेले आणि त्याचा खांदा बघून मोसंबी सोलत बसले. तोच म्हणाला, "मेरे को आपसे शिकायत नहीं, मैडमजी. बस गाँव में मेरा नाम लेके कुछ मत बोलना अब." शिकायत केली असती तर बरं झालं असतं. मी भांडले तरी असते.

आणि मग बक्षीस. कॅमेरावाल्याने गर्दीचे शॉट कापून, दगडाच्या आधीचे, छोटी फिल्म केली. बायका हसत बादल्या घेऊन घराबाहेर येतायत, पोरं धावतायत, मागे गाणं. खाली अक्षरं: नागरिकांचा उत्स्फूर्त सहभाग. घरात राहा सांगणाऱ्या मोहिमेत लोक घराबाहेर आले म्हणून आम्हाला पाटी मिळाली. मंचावर साहेबांनी मला पुढे ढकललं, "आइडिया इनका था." टाळ्या वाजल्या. मी पाटी हातात घेऊन फोटोत हसले आहे. तो फोटो आईने फ्रिजवर लावलाय, आणि मी तो काढलेला नाही. एवढी शिक्षा मला हवी.

ह्या हिवाळ्यात कॉलनीतून पुन्हा ऑफिसला फोन आला. पंजाचे ठसे दिसलेत म्हणे. साहेबांनी मला पाठवलं, सभा घ्या, माहिती काढा. मी चार वाजता पोचले. शाळेच्या अंगणात सतरंजी टाकून बसले, एक माणूस आला नाही. उठले आणि भुआजीच्या दाराशी गेले. ती ओट्यावर मेथी निवडत होती. मला तिने ओळखलं. ये म्हणाली नाही.

मी विचारलं, भुआजी, बिबट्या दिसलाय का कुठे?

"यां तो कईं नी हे, मैडम." तिने मान वर केली नाही. इथे काही नाही.

ऊन अजून भिंतीवर होतं आणि तिच्या बकऱ्या आत होत्या. दाराला कडी. गोठ्याच्या खिडकीला माझं जुनं पोस्टर ठोकलेलं, टिपक्यांचा जग्वार, भोक झाकायला. नाल्याच्या वाटेवर काटेरी फांद्या आडव्या टाकलेल्या. तिची नात आणि दोन मुली हातपंपाकडे निघाल्या, एकीच्या खिशात मोबाइलवर मोठ्यांदा गाणं. गल्लीत बाकी एक आवाज नाही. गावातल्या कोणाशी मी बोलले नव्हते, कोणी मला काही सांगितलं नव्हतं, आणि मला सगळं कळलं होतं.

विचारावंसं वाटलं, पिल्लं किती. नाही विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं असेल.

मी निघाले तेव्हा भुआजी मागून म्हणाली, "जाओ. ने वा गाड़ी पाछी मत लाजो." ती गाडी परत आणू नका, एवढंच.

ऑफिसात येऊन अहवाल लिहिला. नवं वाक्य शोधावं लागलं नाही. 'परिसरात बिबट्या असल्याचा कोणताही पुरावा आढळलेला नाही.' तेच, एक अक्षर न बदलता. साहेबांनी त्या पाटीखाली बसून, न वाचता, सही केली.